तिथीची पाऊणपट

सिंधुदुर्गातल्या खाडीत कालवांची, शिणाण्यांची किंवा खेकड्यांची शेती मुलांना दाखवायची, तर गाडीच्या आधी भरती-ओहोटी बघावी लागते. किनाऱ्यावरची जुनी माणसं ती तोंडीच काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. भाऊबीजेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमारास. पांडवपंचमीला ती पावणेचारला, म्हणून ओहोटी सकाळी साडेनऊ-पावणेदहाला. गावागणिक थोडाफार फरक पडतो, तेव्हा पक्की वेळ तिथल्या माणसांनाच विचारावी. हिशेब मात्र मुलांवर सोपवावा. अपूर्णांकांना नाक मुरडणारी आमची आठ वर्षांची भाची आम्ही गेलो त्या दिवशी दिनदर्शिका मांडीवर घेऊन बसली होती.

दिवाळीची सुटी या शेतीला सोयीची. शिणाण्यांना खारं पाणी लागतं; पावसाळ्यात खाडी गोडी झाली की ती मरतात. म्हणून लागवड पाऊस सरल्यावर. नखाएवढं बी दोराभोवती ठेवून वरून जाळीदार सुती कापड गुंडाळतात आणि दोर बांबूच्या तराफ्याला टांगतात. कापड काही दिवसांत कुजून जातं, तोवर शिणाण्यांनी स्वतःचे चिवट धागे काढून दोर पकडलेला असतो. त्यांना वेगळं खाणं घालावं लागत नाही, पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून ती पोट भरतात. पाच-सहा महिन्यांनी, पुढच्या पावसाआधी, काढणी. दिवाळीत बी पाहिलेल्या मुलांना जमलं तर मे महिन्यात पुन्हा न्यावं.

मुलं खरी रेंगाळतात ती खेकड्यांपाशी. कांदळवनाच्या कडेला जाळीचं कुंपण, आत चिखल आणि लपायला पाइपांचे तुकडे. लपायला कशाला? खेकडा वाढताना जुनं कवच टाकतो. नवं कवच कडक होईपर्यंत तो लोण्यासारखा मऊ असतो आणि तेवढ्यात भाऊबंदच त्याला खातात. भाचीला काठावर अख्खा ‘मेलेला’ खेकडा सापडला. उचलला तर कागदासारखा हलका! डोळ्यांवरचं आवरणसुद्धा त्यात शाबूत होतं. अंगाने वाढलेला मालक आत कुठे तरी दडलेला. तुटलेली नांगीही कवच टाकताना पुन्हा फुटू लागते, हे ऐकल्यावर तिने माझ्या बोटांकडे का पाहिलं, कोण जाणे.

अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ, असं आपण बाजारात ऐकतो. शेतीवाले सरळ सांगतात: नुकतंच कवच बदललेला खेकडा पोकळ, कारण वाढलेल्या कवचात मांस भरायला वेळ लागतो. नर-मादीही उलथून दाखवतात. पोटावरची झडप नराची अरुंद, मादीची रुंद. दाखवणाऱ्या काकींनी तेवढ्यात भाचीचा हात मागे सारला. “बाय, बोट घालू नको हां. एकदा धरल्यान की सोडूची नाय ती.”

राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना 2017 ची. तिच्यातून अशा शेतीला आणि निसर्ग पर्यटनाला हात मिळाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन फिरवतात. माझं मत विचाराल तर एका दिवसात एकच शेती पाहावी. तीन ठिकाणं उरकली की मुलांच्या हाती फक्त फोटो उरतात.

तयारी थोडीच. मागून पट्टा असलेल्या चपला हव्यात. कालवांची धार पाय कापते, आणि साध्या चपला चिखल गिळतो. होडीत मुलांच्या मापाचं जीवरक्षक जाकीट आहे ना, हे आरक्षण करतानाच विचारावं. कवचाच्या माशांची काहींना तीव्र अॅलर्जी असते. ज्या मुलाने ते कधीच खाल्लेले नाहीत, त्याची पहिली चव होडीवर, दवाखान्यापासून लांब नको. जेवणात समोर येणारं सार कशाचं, हे मात्र लपवू नये. भाचीने वाटीकडे पाहून एवढंच विचारलं, “हा नर की मादी?” आणि जेवली.

ते हलकं कवच तिने सोबत आणलं. कणकवली मागे पडायच्या आत गाडीत वास सुटला. पुण्यापर्यंत आम्ही खिडक्या उघड्या ठेवून आलो.