न दिसणारी बोटं

अर्धविराम, सी, व्ही आणि स्पेस. अमेरिकेतला डॉक्टर एवढ्या चार कळा दाबतो आणि पडद्यावर ओळी उमटतात: हृदयाचे ठोके नियमित, मर्मर नाही, पायांवर सूज नाही. आपल्याकडच्या चिठ्ठीवरचं ‘टीडीएस’ केमिस्ट मनातल्या मनात उलगडतो आणि दिवसातून तीन वेळा गोळी घ्यायला सांगतो. इथे तेच काम कीबोर्ड करतो.

करतो कसा, ही खरी गंमत. ‘ऑटोहॉटकी’ हा विंडोजवरचा फुकट मिळणारा प्रोग्राम २००३ पासून आहे. दाबलेली प्रत्येक कळ समोरच्या सॉफ्टवेअरकडे जाताना तो वाटेतच पाहतो आणि शेवटची काही अक्षरं लक्षात ठेवतो. ओळखीची खूण जुळली की आधी तो बॅकस्पेस दाबतो! तुम्ही लिहिलेलं पुसतो, मग अख्खा मजकूर एकेक कळ दाबल्यासारखा पाठवतो. ही बोटं माणसाची की प्रोग्रामची, याची बहुतेक सॉफ्टवेअरं चौकशीच करत नाहीत. म्हणून ज्या नोंदप्रणालीचा एक स्क्रूही डॉक्टरला हलवता येत नाही, तिलाही बाहेरून नवं काहीतरी शिकवता येतं. अर्थात, रुग्णालयाच्या आयटी विभागाने परवानगी दिली तर.

ही खटपट आळसापोटी नाही. २०१६ साली ५७ अमेरिकन डॉक्टरांच्या कामाचं निरीक्षण झालं. रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळपास दोन तास संगणक आणि टेबलावरच्या कामात जात होते. त्याआधी, २०१३ च्या एका अभ्यासात तातडीच्या विभागातल्या डॉक्टरचे गर्दीच्या दहा तासांच्या पाळीतले माउसचे क्लिक मोजले, तर हिशेब चार हजारांच्या घरात गेला. अशा बांधून ठेवलेल्या खुणेला मॅक्रो म्हणतात आणि तो इथेही कामाला येतो: टॅब, टॅब, खाली बाण, एंटर अशी साखळी एका कळीवर बांधता येते.

फक्त त्याला डोळे नसतात. तो कळा दाबत सुटलेला असताना मध्येच ‘रुग्णाला या औषधाची ॲलर्जी आहे’ अशी चौकट उघडली, तर पुढचा एंटर त्या चौकटीवर पडतो आणि इशारा कुणी वाचण्याआधीच नाहीसा होऊ शकतो. माझ्या मते मजकूर उमटवणारे मॅक्रो बिनधास्त वापरावेत. औषधाच्या ऑर्डरवर सही करणारे मात्र बांधूच नयेत.

मजकुरातही चकवा आहेच. पाय तपासलेच नाहीत, तरी ‘सूज नाही’ छापलं जातं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठ रुग्णालयातल्या रोजच्या नोंदी २०१७ च्या एका अभ्यासात तपासल्या, तेव्हा त्यांतला जेमतेम १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला निघाला. ४६ टक्के जुन्या नोंदींतून उचललेला होता, बाकीचा प्रणालीतून आपोआप आलेला.

‘एपिक’ या नोंदप्रणालीत यावर एक सुरेख उपाय आहे. तिथे टिंबाने सुरू होणारी तयार वाक्यं असतात आणि त्यांत मुद्दाम तीन चांदण्यांची भोकं सोडता येतात. एफ-२ दाबलं की कर्सर थेट पुढच्या भोकावर जाऊन थांबतो: सूज आहे की नाही, हे आता रुग्णाच्या पायाकडे बघून डॉक्टरने भरायचं.