डोंगरांचे देश – भाग ५ : तळ नसलेला लेसोथो

गेल्या आठवड्यात भूतानमध्ये आपण दमट पायथ्यापासून बर्फाच्या शिखरांपर्यंत चढत गेलो. लेसोथोला मुळी पायथाच नाही. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या या देशातली सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटरवर आहे. म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर हा देश सुरू होतो आणि ३४८२ मीटरच्या थबाना न्तलेन्याना शिखरावर संपतो. सबंध भूमी हजार मीटरच्या वर असलेला जगातला हा एकमेव देश.

सह्याद्रीत भटकलेल्यांना इथले डोंगर ओळखीचे वाटतील. कडा, सपाटी, पुन्हा कडा. दोन्हीकडे हा प्रताप भेगांमधून पसरलेल्या लाव्ह्याचा, एकावर एक साचलेल्या बेसॉल्टच्या थरांचा. फक्त आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर लेसोथोचा सुमारे १८.३ कोटी वर्षांपूर्वीचा, गोंडवन हा प्राचीन महाखंड फुटू लागला त्या काळातला. या काळ्या थरांखाली पिवळसर वालुकाश्म आहे. त्याच्या कपारींत इथल्या मूळच्या सान लोकांनी रंगवलेली चित्रं अजून दिसतात. नद्यांनी बेसॉल्ट खोल चिरला आहे. सेमोन्कोंगजवळ मालेत्सुन्याने नदी १९२ मीटर खाली कोसळते.

एवढ्या उंचीवर झाडं फारशी टिकत नाहीत. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, कडाक्याचं हिव आणि वर बर्फ. त्यामुळे सगळं राज्य गवताचं. दऱ्यांच्या माथ्याशी दलदली आहेत. कुजक्या मुळांची ही काळी, भुसभुशीत जमीन स्पंजासारखी उन्हाळी पाऊस पिऊन घेते आणि कोरड्या महिन्यांत थोडा थोडा सोडते. अटलांटिकपर्यंत जाणारी ऑरेंज नदी, स्थानिकांची सेंकू, इथलीच.

या दलदलींच्या काठी राहतो हिमउंदीर. आखूड पाय, छोटे कान, दाट फर. थंडीत तो दीर्घ झोप घेत नाही. रात्री बिळात सगळे एकमेकांना चिकटून बसतात, सकाळी बाहेर येऊन उन्हात अंग शेकतात आणि मग चरायला लागतात. वर आकाशात दाढीवालं गिधाड. याचं मुख्य अन्न हाडं. मोठं हाड उंचावरून खडकावर टाकायचं, फुटलं की तुकडे गिळायचे. पोटातलं तीव्र आम्ल पुढचं काम करतं. आफ्रिकेच्या दक्षिण भागात हा पक्षी आता जवळपास याच डोंगररांगेत उरला आहे. बेसॉल्टच्या उभ्या, ओलसर उतारांवर वाढणारी सर्पिल कोरफड तर जगात दुसरीकडे कुठेही आपोआप उगवत नाही. तिची पानं पाच रांगांत फिरत जातात, एखाद्या रोपात डावीकडे, एखाद्यात उजवीकडे. या देखणेपणापायी लोक ती उपटून नेतात आणि बहुतेक रोपं नव्या जागी मरतात.

सिंह इथून केव्हाच गेले. आता कुरणांवर मेंढ्या आणि मोहेरसाठी, म्हणजे त्यांच्या रेशमी केसांसाठी, पाळलेल्या अंगोरा शेळ्या आहेत. लोकर आणि मोहेरवर असंख्य घरं चालतात, म्हणून मेंढपाळांना नुसता दोष देऊन भागत नाही. पण चराई अति झाली की गवत विरळ होतं, दलदल वाळते, हिमउंदीर वाळक्या भागात बिळं पसरवतात आणि मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते. पुढे त्याच जागी घळी पडतात. उंदीर इथे निमित्त. मूळ दुखणं उघड्या पडलेल्या जमिनीचं.

हा प्रश्न लेसोथोपुरता नाही. १९८६च्या करारानुसार इथलं पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेच्या औद्योगिक पट्ट्याला जातं आणि त्याचे पैसे लेसोथोला मिळतात. १८५ मीटर उंचीचं काट्से धरण त्यासाठीच बांधलं. धरण पाणी साठवतं; ते कोरड्या ऋतूतही झिरपत ठेवायचं काम वरच्या दलदलीचं. त्यामुळे कुरणाची निगा हा या देशाच्या तिजोरीचाही विषय आहे.

पुढच्या आठवड्यात : काट्से धरण, त्याचे बोगदे आणि पाण्याखाली गेलेली शेतं.