सूतकताईच्या साच्यापासून उपपंतप्रधानपदापर्यंत : वू ग्वीश्येन आणि माओकालीन चीनमधील कामगार-प्रतिनिधित्व

प्रस्तावना

जानेवारी १९७५ मध्ये पेकिंग येथे चीनच्या चौथ्या राष्ट्रीय लोकप्रतिनिधी सभेचे अधिवेशन भरले. पंतप्रधान चौ एन लाय यांच्या हाताखाली बारा उपपंतप्रधानांची नेमणूक या अधिवेशनात झाली. त्यांत डेंग झियाओपिंग, ली श्येननियेन यांच्यासारखे क्रांतियुद्धात मुरलेले नेते होते, ताचाय या खेड्यातील शेतकरी चेन युंगक्वेई होते आणि वू ग्वीश्येन ही वयाची चाळिशीही न गाठलेली सूतगिरणी कामगार स्त्री होती. चीनच्या लोकप्रजासत्ताकात उपपंतप्रधानपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. पुढे अवघ्या अडीच-तीन वर्षांत त्यांनी हे पद सोडले आणि त्या आपल्या गिरणीत परतल्या.

या घटनेकडे सामान्यतः दोन दृष्टींनी पाहिले जाते. कामगारवर्गाच्या हाती सत्ता आल्याचा हा पुरावा, असे एक मत. हा केवळ देखावा, असे दुसरे. दोन्ही मते सोयीची आहेत, परंतु गिरणीतील कामगार राज्यकर्त्यांच्या रांगेत नेमका कोणत्या मार्गाने पोहोचला आणि तेथे त्याच्या हाती काय होते, हा प्रश्न दोहोंतही बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

आदर्श कामगार घडविण्याची व्यवस्था

वू ग्वीश्येन यांचा जन्म १९३८ मधला, हनान प्रांतातील कुंग परगण्यातला. १९५१ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्या शेन्सी प्रांतातील श्येनयांग येथील वायव्य सरकारी सूतगिरणी क्रमांक १ मध्ये दाखल झाल्या. क्रांतीनंतर देशाच्या मागास वायव्य भागात सरकारने उभारलेली ही गिरणी. कामगार-भरती आधी आणि प्रत्यक्ष उत्पादन १९५२ मध्ये, असा तिचा आरंभ झाला. भरती झालेल्यांत खेड्यांतून आलेल्या अर्धशिक्षित मुलींचा भरणा मोठा होता.

या मुलींचे काम समजून घेतल्याशिवाय पुढचे राजकारण उलगडत नाही. मुंबईच्या गिरणगावात ज्यास थ्रॉसल खाते म्हणत, तेच हे कताईचे खाते. साच्यांच्या दोन रांगांमधील गल्लीतून कामगाराने पाळीभर येरझारा घालावयाच्या, तुटलेला धागा दिसताच तो सांधावयाचा, रुळांवर साठणारा पिंजका काढावयाचा. धागा तुटलेला राहिला की पेळूतून येणारा कापूस सूत न होता रुळाभोवती गुंडाळला जातो व वाया जातो. या वाया जाणाऱ्या कापसाचे प्रमाण हेच कामगाराच्या कौशल्याचे माप. छिंगदाओ येथील सरकारी गिरणी क्रमांक ६ मधील हाओ ज्येनश्यू या किशोरवयीन कामगार मुलीने हे प्रमाण सलग कित्येक महिने शेकडा ०.२५ पर्यंत खाली ठेवले; त्या वेळी देशातील सरासरी सुमारे १.५ होती. त्या मुलीपाशी गुप्त असे काही नव्हते. धागा तुटण्याची वाट न पाहता तो तुटूच नये म्हणून ती साफसफाई आधी करी, फेऱ्यांचा क्रम ठरवून घेई आणि एका फेरीत अनेक कामे उरकी. तज्ज्ञांनी तिच्या हालचालींचे निरीक्षण करून त्यांची पद्धत बांधली आणि १९५१ मध्ये ‘हाओ ज्येनश्यू कार्यपद्धती’ या नावाने ती देशभरातील गिरण्यांत शिकविण्यास आरंभ झाला.

सोव्हिएत संघात १९३५ मध्ये खाणकामगार स्ताखानोव्ह याच्या नावाने सुरू झालेल्या चळवळीचा हा चिनी अवतार होता. आदर्श कामगाराची निवड, त्याचा राष्ट्रीय मेळाव्यात सत्कार, त्याच्या नावाचा प्रचार आणि नंतर प्रतिनिधी-सभांत स्थान, अशा या पायऱ्या होत्या. कापड-उद्योगात स्त्रियांची संख्या मोठी असल्याने या पायऱ्या चढणाऱ्या स्त्रियाही प्रामुख्याने गिरण्यांतूनच आल्या.

श्येनयांगच्या गिरणीत या परंपरेच्या प्रतिनिधी झाओ मेंगथाओ होत. त्यांचे वैशिष्ट्य थोडे निराळे होते. स्वतःच्या उत्पादनाचा उच्चांक गाठण्यापेक्षा गटातील मागे पडलेल्या मैत्रिणींना सोबत नेणे, आपला चांगला साचा दुसरीस देऊन तिचा नादुरुस्त साचा स्वतः चालविणे, यासाठी त्या ओळखल्या गेल्या. १९५६ च्या आठव्या पक्ष-अधिवेशनास त्या प्रतिनिधी म्हणून उपस्थित होत्या. १९६३ च्या एप्रिलमध्ये प्रांतिक सरकारने त्यांच्या गटास त्यांचेच नाव दिले आणि त्याच वर्षी जूनमध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. गटाची धुरा वू ग्वीश्येन यांच्याकडे आली. म्हणजे वू यांना मिळालेले पहिले पद हे एका दिवंगत आदर्शाचा वारसा होता, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. व्यक्तीपेक्षा गटाचे नाव मोठे होते.

पद आणि सत्ता

सांस्कृतिक क्रांतीने पक्षाची जुनी फळी मोडून काढली. १९६९ च्या नवव्या अधिवेशनात वू मध्यवर्ती समितीवर आल्या. सप्टेंबर १९७१ मध्ये लिन पियाओ यांचा अंत झाल्यावर वरच्या पातळीवर पोकळी निर्माण झाली आणि वृद्ध, मध्यमवयीन व तरुण यांचा मेळ घालण्याचे सूत्र माओ त्से तुंग यांनी पुढे केले. १९७३ च्या दहाव्या अधिवेशनात वू पॉलिटब्यूरोच्या पर्यायी सदस्य झाल्या. शांघायच्या सूतगिरणी क्रमांक १७ मधील सुरक्षा विभागातून आलेले वाँग हुंगवेन त्याच अधिवेशनात थेट पक्षाचे उपाध्यक्ष झाले. दोघेही गिरणीतून आलेले; मात्र वाँग यांच्या मागे शांघायमधील बंडखोर संघटनांचे बळ होते, वू यांच्या मागे एका आदर्श गटाचे नाव. ज्या बळाने वाँग वर चढले त्याच बळाने त्यांना चौकडीत नेऊन बसविले. ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांना अटक झाली, १९८१ मध्ये जन्मठेप सुनावण्यात आली. वू यांच्यावर तशी आपत्ती आली नाही. त्यांचे स्वतःचे असे बळच नव्हते.

उपपंतप्रधान असतानाही वू यांचे वेतन गिरणीच्या वेतनपटावरच राहिले. चेन युंगक्वेई यांचाही काही काळ ताचायच्या शेतावर जावा, अशी योजना होती. कामगाराने कामगारच राहावे, नोकरशहा होऊ नये, हा यामागील विचार. आणि तो केवळ ढोंग होता असे म्हणता येत नाही. परंतु त्याची दुसरी बाजू अशी की ज्याचे घर, वेतन व ओळख गिरणीत ठेवली आहे त्यास राजधानीत पाहुणा म्हणूनच राहावे लागते. मंत्रालयातील कागदपत्रे वाचणे, अंदाजपत्रक समजून घेणे, खात्यांतील तंट्यात निर्णय देणे यांचे शिक्षण वू यांना कोणत्याच टप्प्यावर मिळाले नव्हते. पुढे त्यांच्या अज्ञानाविषयी अनेक विनोद प्रसृत झाले. त्यांच्या सत्यतेविषयी शंकेस पुष्कळ जागा आहे आणि त्यांतून वू यांच्यापेक्षा विनोद सांगणाऱ्या सुशिक्षितांच्या मनातील अढी अधिक प्रकट होते.

याहून महत्त्वाचा मुद्दा संघटनेचा. ज्या अधिवेशनात एक कामगार स्त्री उपपंतप्रधान झाली, त्याच अधिवेशनाने संमत केलेल्या संविधानात संपाचा हक्क नमूद होता. प्रत्यक्षात अखिल चीन कामगार महासंघाचे राष्ट्रीय पातळीवरील काम सांस्कृतिक क्रांतीच्या आरंभापासून ठप्प होते. त्याचे १९५७ नंतरचे पुढील अधिवेशन १९७८ मध्येच भरू शकले. १९६३ नंतर, १९७० च्या आरंभीची मर्यादित वाढ सोडल्यास, बहुतेक कामगारांचे वेतन गोठलेले होते. १९७५ च्या उन्हाळ्यात हांगचौ येथील कारखान्यांत गटबाजी व असंतोष इतका वाढला की तेथे हजारो सैनिक पाठवावे लागले. मंत्रिमंडळात कामगार होते. कामगारांचे म्हणणे वरपर्यंत नेणारी स्वतंत्र यंत्रणा मात्र नव्हती. वू यांना कोणी निवडून दिले नव्हते, त्यामुळे कोणास जाब देण्याचा वा कोणाच्या पाठबळावर भांडण्याचा प्रश्नही उद्भवत नव्हता. संपाचा हक्क पुढे १९८२ च्या संविधानातून वगळण्यात आला.

दुसरी वाट

हाओ ज्येनश्यू यांची कारकीर्द याच्याशी ताडून पाहण्याजोगी आहे. वर उल्लेखिलेली कार्यपद्धती प्रसिद्ध झाल्यावर त्यांना साच्यावरून उचलून शिक्षणासाठी पाठविण्यात आले. प्रथम कामगार-शेतकऱ्यांसाठीच्या शीघ्र माध्यमिक शाळेत आणि नंतर शांघायच्या वस्त्रोद्योग महाविद्यालयात शिकून १९६२ मध्ये त्या पदवीधर झाल्या. १९७८ मध्ये त्या वस्त्रोद्योग खात्याच्या उपमंत्री, १९८१ ते १९८३ या काळात मंत्री आणि १९८५ मध्ये पक्षाच्या मध्यवर्ती सचिवालयाच्या सदस्य झाल्या. त्यानंतर नियोजन आयोगातही त्यांनी काम केले. माओ यांच्या मृत्यूनंतर धोरण उलटले तरी त्या टिकल्या. मात्र त्या टिकल्या त्या तंत्रज्ञ-प्रशासक म्हणून. साच्यावरील मुलगी आणि मंत्री यांच्यामध्ये शिक्षणाची कित्येक वर्षे होती, आणि त्या वर्षांनीच त्यांना कामगारवर्गातून बाहेरही काढले. शिक्षण न देता पद दिले तर पद पोकळ राहते. शिक्षण देऊन दिले तर पदावर येणारी व्यक्ती कामगार उरत नाही. या पेचातून सुटण्याचा मार्ग चिनी पक्षास सापडला नाही. संघटनेच्या बळावर कामगाराने शिकत शिकत नेतृत्वाकडे जाणे हा तिसरा मार्ग त्याने स्वतःच बंद केला होता.

ऑगस्ट १९७७ च्या अकराव्या पक्ष-अधिवेशनात वू ग्वीश्येन पॉलिटब्यूरोवर राहिल्या नाहीत. उपपंतप्रधानपद सोडून त्या श्येनयांगला परतल्या, त्याच गिरणीत. १९८८ च्या सुमारास त्या शेनझेन या विशेष आर्थिक क्षेत्रात गेल्या व हाँगकाँगच्या भांडवलावर चालणाऱ्या कापडरंगाईच्या कारखान्यात काम करू लागल्या. झाओ मेंगथाओ यांच्या नावाचा गट श्येनयांगच्या कताई खात्यात पुढील दशकांतही चालू राहिला.