इंग्रजी लेखनांतील मोकळी जागा

इंग्रजी निबंध तपासतांना आमचें लक्ष प्रथम स्पेलिंग व व्याकरण यांकडे जातें. परंतु संगणकावर लिहिलेल्या मजकुरांत आणखी एक दोष फार ठळक दिसतो, आणि विद्यार्थी त्याकडे सहसा काणाडोळा करितात. विरामचिन्हांच्या मागेंपुढें सोडावयाच्या जागेचा हा दोष होय.

नियम थोडका आहे. स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह हीं मागील शब्दास चिकटून यावींत, व त्यांच्यापुढें एक जागा सुटावी. कंस व अवतरणचिन्हें यांच्या बाहेर जागा असावी, आंत नसावी. संयोगचिन्हास दोहों बाजूंस जागा नको. ‘योहान ३:१६’ असें लिहितांना अध्याय व वचन यांमधील चिन्हापुढेंही ती नसते.

हा नियम केवळ शोभेचा नाहीं. संगणक ओळ मोडतो ती बहुधा मोकळ्या जागेवरच. पूर्णविरामापूर्वीं जागा सोडली, तर शब्द एका ओळीच्या अखेरीस राहतो आणि बिचारा ठिपका एकटाच पुढील ओळीच्या आरंभीं जाऊन बसतो. उलट, पूर्णविरामानंतर जागा न सोडतां ‘इन’ ह्या शब्दानें पुढील वाक्य आरंभिलें, तर पुष्कळदां मोबाईल त्यास संकेतस्थळाचा पत्ता समजून निळा रंग देतो. कारण हिंदुस्थानांतील संकेतस्थळांच्या पत्त्यांची अखेर त्याच दोन अक्षरांनीं होते. नोकरीच्या अर्जांत असें झालें, तर अर्जदाराची योग्यता पाहण्यापूर्वींच त्याच्या निष्काळजीपणाची साक्ष मिळते. लोणी काळभोर, थेऊर, उरुळी कांचन ह्या बाजूच्या पुष्कळ मुलांच्या घरीं इंग्रजी अर्ज तपासून देणारें कोणी नसतें, म्हणून हें सांगण्याची विशेष गरज वाटते.

आमचीं मुलें अपूर्णविरामापूर्वीं हटकून जागा सोडितात. तो दोष आळसाचा नव्हे, तें मातृभाषेचें वळण आहे. मराठींत शब्दास चिकटविलेले दोन ठिपके विसर्गासारखे दिसतात; यास्तव मराठी मुद्रक ‘उदाहरणार्थ :’ असें अंतर ठेवून छापितात, किंवा ठिपक्यांपुढें आडवी रेघ देतात. मराठींत ही रीत योग्यच आहे. इंग्रजींत विसर्ग नाहीं, म्हणून तेथें ह्या अंतराचें प्रयोजनही नाहीं. (कित्येक लोक ‘दुःख’ ह्या शब्दांत विसर्गाऐवजीं अपूर्णविरामच टंकितात, डोळ्यांस फरक दिसत नाहीं, पण यंत्राच्या लेखीं शब्दाचे दोन तुकडे होतात, व पुढें शोधूं गेल्यास तो सांपडत नाहीं.)

मोडी लिहितांना आपले पूर्वज आधीं आडवी रेघ ओढीत व तिला अक्षरें लटकवीत जात. शब्दाशब्दांत जागा नसे व विरामचिन्हेंही नसत. मेजर टॉमस कँडी यांनीं १८५० सालीं ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हें पुस्तक प्रसिद्ध करून इंग्रजी चिन्हें मराठींत रुजविण्यास मोठा हातभार लाविला. युरोपांतही प्राचीन लॅटिन ग्रंथ बहुधा सलगच लिहिलेले असत. शब्द तोडून लिहिण्याची रीत सातव्या शतकाच्या सुमारास आयर्लंडांतील मठवासी लेखकांनीं पाडिली. कारण लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती, व सलग मजकूर वाचणें त्यांस जड जाई. परकी भाषा शिकणाऱ्यांच्या अडचणींतूनच ही सोय निघाली, हें आम्हांस फार हृद्य वाटतें.

नियम सर्वत्र एक नाहींत. फ्रेंच लोक प्रश्नचिन्ह व उद्गारचिन्ह यांपूर्वीं बारीक जागा सोडितात. टंकलेखनयंत्राच्या काळांत पूर्णविरामापुढें दोन जागा सोडण्यास शिकवीत. तेथें प्रत्येक अक्षरास सारखीच रुंदी मिळे, त्यामुळें वाक्याचा शेवट चटकन दिसण्यास ती युक्ति उपयोगी पडे. आतां एकच जागा पुरते, आणि २०२० पासून मायक्रोसॉफ्टचा ‘वर्ड’ दोन जागांस चूक म्हणून खूण करूं लागला आहे. ज्या वडीलधाऱ्यांनीं जुन्या यंत्रावर हात बसविला, त्यांच्या दोन जागांस मात्र विद्यार्थ्यांनीं हंसूं नये. लांब आडव्या रेघेविषयीं तर खुद्द इंग्रज व अमेरिकन मुद्रकांचेंच एकमत नाहीं: इंग्रज बहुधा तिच्या दोहों बाजूंस जागा सोडितात, अमेरिकन सोडीत नाहींत. दोहोंपैकीं जी रीत आरंभीं धराल, तीच त्या लेखाच्या अखेरपर्यंत ठेवावी.