चंद्राचा ध्यास

दुर्बिणीतून पाहिले असता चंद्राच्या पृष्ठभागावर लहानमोठी असंख्य विवरे दिसतात. ही विवरे म्हणजे विझलेल्या ज्वालामुखींची मुखे होत, असे पुष्कळ पंडित मानीत. हे मत मागे पडले, त्यात यूजीन शूमेकर ह्या अमेरिकन भूवैज्ञानिकांचा मोठा वाटा होता.

शूमेकर ह्यांचा जन्म १९२८ साली लॉस अँजेलिस येथे झाला. १९४८ मध्ये ते कोलोरॅडोच्या डोंगराळ मुलखात युरेनियमचा शोध घेत हिंडत होते. मानवाने तोपर्यंत एकही उपग्रह आकाशात सोडला नव्हता. तरी माणूस चंद्रावर जाणार आणि तेथील खडक पारखण्यास भूवैज्ञानिकच लागणार, ह्याविषयी त्या वीस वर्षांच्या तरुणाला तिळमात्र शंका नव्हती. तो भूवैज्ञानिक आपणच व्हायचे, असे त्याने मनाशी ठरविले.

चंद्र दूर होता. तेव्हा शूमेकर ह्यांनी पृथ्वीवरीलच एक विवर अभ्यासास घेतले. ॲरिझोनाच्या ओसाड पठारावर सुमारे १२०० मीटर रुंदीचा एक प्रचंड खळगा आहे. नेव्हाडातील अणुस्फोटांच्या खड्ड्यांभोवती जमिनीचे थर पुस्तकाचे पान उलटावे तसे उलटून पडलेले त्यांनी पाहिले होते. ह्या खळग्याच्या काठावरही तीच रचना आढळली : खालचा थर वर, वरचा खाली! पुढे १९६० मध्ये तेथील वालुकाश्मात कोएसाइट नावाचे खनिज सापडले. ते होण्यास लागणारा प्रचंड दाब ज्वालामुखीच्या मुखाशी कधीच नसतो. खळगा पाडला होता तो आकाशातून कोसळलेल्या अशनीने. महाराष्ट्रातील लोणारचे सरोवरही अशाच आघाताने झालेले आहे.

१९६३ मध्ये शूमेकर ह्यांना ॲडिसनचा विकार जडल्याचे निदान झाले आणि चंद्रावर जाण्याची त्यांची आशा कायमची मावळली. हा घाव लहान नव्हता. तरीही चंद्रावर जाणाऱ्या वीरांना त्याच खळग्यात नेऊन त्यांनी खडकांची पारख शिकविली. १९७२ मध्ये चंद्रावर पहिला भूवैज्ञानिक उतरला, तो त्यांचा पूर्वीचा सहकारी हॅरिसन श्मिट.

१९९३ मध्ये शूमेकर, त्यांच्या पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही ह्यांनी एक भंगलेला धूमकेतू शोधला. पुढील वर्षी जुलैमध्ये त्याचे तुकडे गुरूवर आदळले व तेथे प्रचंड काळे डाग उमटले. जन्मभर ज्यांच्या खुणा शोधल्या, तसे आघात ह्या दांपत्याला प्रत्यक्ष घडताना दिसले.

१९९७ मध्ये ऑस्ट्रेलियात विवरांचा शोध घेत असता मोटार-अपघातात शूमेकर मृत्यू पावले. त्यांची थोडी रक्षा ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ यानात ठेवण्यात आली. ३१ जुलै १९९९ रोजी ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळील एका विवरात मुद्दाम आदळविण्यात आले.