मूल वसतिगृहात जाते तेव्हा

जुलै महिन्यात शहागडच्या बसथांब्यावर सकाळी उभे राहिले, की एक दृश्य हमखास दिसते. पूर्वीची पत्र्याची पेटी आता राहिली नाही, तिच्या जागी चाकांची बॅग आली आहे. पण शेजारची गादीची वळकटी, कापडी पिशवीतले चिवड्याचे आणि शेंगदाण्याच्या चटणीचे डबे, आणि मुलापेक्षा अधिक अस्वस्थ झालेले वडील, हे चित्र बदललेले नाही. गोदावरीच्या पुलावरून बीडकडची बस येते आणि वडीगोद्री, पाचोड, आडूळ ही गावे मागे टाकीत दोनएक तासांत छत्रपती संभाजीनगरला पोहोचते. अंतर म्हणाल तर फार नाही. तरीही तेवढ्या वेळात त्या मुलाचे पाणी बदलते, जेवण बदलते, झोपेची वेळ बदलते, भोवतीची माणसे बदलतात आणि वर्गातली भाषासुद्धा बदलते. एवढे सगळे एकदम पचवणे हे शरीराला आणि मनाला केवढे जड काम आहे, याची गणती आपल्या घरांत सहसा होत नाही. प्रवेश झाला, शुल्क भरले, खोली मिळाली, की ‘पोरगं मार्गी लागलं’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

वास्तविक, महाराष्ट्रात ज्यांनी वसतिगृहे उभी केली त्यांनी त्यांच्याकडे नुसती खोली म्हणून कधी पाहिले नव्हते. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने 1901 मध्ये कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी तेथे वसतिगृहांची रांगच उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणले. त्या वसतिगृहात लक्ष्मीबाई पाटील स्वतः मुलांना रांधून वाढीत, आजारी मुलांच्या उशाशी बसत, आणि धान्य संपले तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. खोली, जेवण आणि उशाशी बसणारे माणूस, या तिन्ही गोष्टी त्यांच्या लेखी एकच होत्या.

मराठवाड्याची गोष्ट जरा निराळी. निजामाच्या राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे आणि तिथले माध्यम उर्दू. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढले, 23 ऑगस्ट 1958 रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि 14 जानेवारी 1994 रोजी त्यास बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. जालना जिल्हा याच विद्यापीठाच्या कक्षेत येतो. आवारात मुलामुलींची वसतिगृहे आहेत, आरोग्य केंद्र आहे, ‘कमवा व शिका’ योजना आहे. मात्र खेड्यांतून येणाऱ्या सर्वांना पुरतील एवढ्या खोल्या नाहीत. त्यामुळे कित्येक मुले शहरात भाड्याच्या खोल्यांत तिघेचौघे मिळून राहतात आणि खाणावळीचा डबा लावतात.

एका डब्यात दोघे

या डब्यापाशी थोडे थांबले पाहिजे. अनेक खोल्यांत एक डबा दोघांत खाल्ला जातो. पाऊस लांबला, कापसाला भाव मिळाला नाही, की घरून येणारे पैसे उशिरा येतात. मुलगा घरी काही बोलत नाही, तो आपला डबा बंद करतो आणि मित्राच्या डब्यात वाटेकरी होतो. ही कृती काटकसरीची वाटते, मैत्रीचीही वाटते. शरीराचा हिशेब मात्र वेगळा असतो. भारतीय आहारमानानुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे दररोज सुमारे 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 55 किलो वजनाच्या मुलाला साधारण 45 ग्रॅम. दोन पोळ्या, अर्धी वाटी पातळ वरण आणि थोडा भात असे दोन वेळा खाल्ले, तर पोटात त्याच्या निम्म्याच्या आसपासच जातात. तीनचार महिन्यांत वजन उतरते, वाचताना डोळे मिटू लागतात, वारंवार सर्दी-ताप येतो. घरचे म्हणतात, अभ्यासाने वाळला.

खोलीत चूल नसली तरी काही गोष्टी सहज साधतात. मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर फुटाण्यांत सुमारे सहा, एका अंड्यात सहा. घरून जाताना चिवडा-शेवेऐवजी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि तिळाचे लाडू दिले, तर ती पिशवी खऱ्या अर्थाने औषधाची होते.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील 54.2 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणजे वसतिगृहाच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे रक्त आधीच कमी असते. प्रवेशापूर्वी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. ते 12 च्या खाली असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात आणि जेवणाबरोबर चहा टाळून लिंबू पिळून घेण्याची सवय लावावी. स्वच्छतागृहे अस्वच्छ असली की मुली पाणीच कमी पितात आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाला आमंत्रण देतात. याविषयी तक्रार करणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, हे मुलीला घरातूनच सांगितलेले असावे. आपल्याकडे मुलींच्या वसतिगृहाची चौकशी करताना फाटक किती वाजता बंद होते, हे सर्वजण विचारतात. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, हे कोणी विचारीत नाही.

टाकीचे पाणी खरोखरच महत्त्वाचे. विषमज्वर आणि कावीळ हे सामूहिक निवासांचे जुने पाहुणे आहेत, आणि खिडकीतल्या कूलरमध्ये साचलेले पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. माझ्या वसतिगृहाच्या दिवसांत शेजारच्या खोलीतील एका मुलाला कावीळ झाली. परीक्षा बुडेल आणि घरी खर्च पडेल म्हणून त्याने दहा दिवस कोणाला कळू दिले नाही. डोळे पिवळे दिसू नयेत म्हणून तो वर्गात मान खाली घालून बसे. अखेर चक्कर येऊन पडला तेव्हा कळले. तो वाचला, परंतु त्याचे ते वर्ष गेले.

‘सगळं बरं आहे’

मनाचेही असेच असते, फक्त तिथे डोळे पिवळे होत नाहीत. पहिल्या दीड-दोन महिन्यांत घराची ओढ लागणे, रडू येणे, जेवण न जाणे हे स्वाभाविक आहे आणि बहुतेकांत ते आपोआप ओसरते. परंतु उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, झोप उडाली किंवा दिवसभर झोपच येऊ लागली, वर्गात जाणे थांबले, आवडत्या मित्राचा फोनही उचलावासा वाटेना, ‘मी तुमच्यावर भार झालो’ अशी भाषा येऊ लागली, तर तो स्वभाव समजू नये. घराण्यात प्रथमच विद्यापीठाची पायरी चढणाऱ्या मुलावर ओझे अधिक असते. नापास झाल्याचे सांगायचे कोणाला, हा प्रश्न त्याला परीक्षेहून कठीण वाटतो.

जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात का, असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. शांतपणे विचारले तर मुलाला बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले, तर त्याला एकटे ठेवू नये. खोलीतल्या सोबत्याला आणि गृहप्रमुखांना तत्काळ कळवावे आणि स्वतः पहिली बस पकडावी. यासाठी त्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक आईवडिलांजवळ पहिल्या दिवसापासून असायला हवेत. ‘टेलि-मानस’ ही शासनाची सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतही, विनामूल्य उपलब्ध आहे. रॅगिंगची तक्रार 1800-180-5522 वर करता येते. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला आहे; तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच समुपदेशक कोठे बसतात ते पाहून यावे. ‘तिथे गेलास तर आम्हाला कमीपणा वाटणार नाही’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून ऐकलेले असेल, तर मुलाचे पाऊल तिकडे वळणे सोपे जाते.

पैशाची चणचण हेही दुखण्याचेच एक मूळ असल्याने योजनांची माहिती ठेवावी. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ‘स्वाधार’, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी ‘स्वयम्’ आणि अन्य काही घटकांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे. अर्जांच्या मुदती चुकतात त्या बहुधा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. तो दाखला मे महिन्यातच तहसिलीतून काढून ठेवलेला बरा.

आणि फोन. ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘जेवलो’ हेच उत्तर मिळते, कारण तो प्रश्न नसून रिवाज आहे. त्याऐवजी ‘आज डब्यात भाजी कसली होती, कोणाबरोबर बसलास?’ असे विचारून पाहावे. उत्तर द्यायला मुलगा अडखळला, तर दोन दिवसांनी जाऊन यावे.

मी तालुक्याच्या गावी शिकत असताना माझी आई रोज सकाळी एसटीच्या वाहकाकडे डबा देई आणि संध्याकाळच्या गाडीने तो रिकामा परत जाई. एकदा परीक्षेच्या दिवसांत दोन भाकरी तशाच परत गेल्या. तिसऱ्या दिवशी डबा आला नाही. बसमधून आईच उतरली.