उन्हात लेणी चढताना

बुद्ध पौर्णिमा आणि मुलांची सुट्टी बहुधा मे महिन्यातच येते. त्यामुळे वस्तीतून लेण्यांच्या सहलीही भर उन्हाळ्यात निघतात. लेण्याद्रीला निदान पायऱ्या आहेत. पण जुन्नरच्या दक्षिणेला मानमोडी डोंगर आहे. तिथे भीमाशंकर, अंबा-अंबिका आणि भूतलिंग असे लेण्यांचे तीन गट आहेत. वाट बरीचशी कच्ची, सुटलेल्या मुरमाची, मध्येच वाळक्या गवतात हरवणारी. सावली जवळपास नाहीच.

मागच्या मेमध्ये आम्ही तिथे गेलो. गाडी उशिरा सुटली, मग नाश्ता, मग फोटो. चढायला लागलो तेव्हा साडेदहा वाजले होते. चढताना काही झाले नाही. उतरताना मात्र आमच्यातल्या एक मावशी, साठीच्या पुढच्या, एकाएकी गप्प झाल्या. पाय दुखतात का विचारले, तर म्हणाल्या, "गॅस बंद केला का गं?" आम्ही हसलो. दमल्या असतील, असे वाटले. त्या हसण्यात दहा मिनिटे गेली.

उन्हात माणूस भलतेच बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला की तो नुसता दमलेला नसतो, उष्णतेचा परिणाम मेंदूपर्यंत पोचलेला असतो. हा उष्माघात. घाम थांबतोच असे नाही, म्हणून घामावर जाऊ नये. चढउतारात स्नायूही उष्णता तयार करतात आणि तापलेला कातळ वरून भर घालतो. शरीराकडे उपाय एकच, घाम. त्याला पाणी आणि मीठ दोन्ही लागते.

आमच्यात एक नर्सताई होत्या म्हणून निभावले. त्यांनी मावशींना कातळाच्या आडोशाला निजवले, कपडे सैल केले, ओढण्या भिजवून मानेला, काखेत, जांघेत ठेवल्या आणि वारा घातला. अंग आधी थंड करायचे, उचलून न्यायचे मग. १०८ ला फोन मात्र लगेच करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे कामाची नाही. मावशी बऱ्या झाल्या, पण तेव्हा आम्हा अकरा जणांत दोनच बाटल्या पाणी उरले होते.

याच डोंगरावर भीमाशंकर गटात एक शिलालेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान दिल्याची, वर्ष ४६ ची, त्यात नोंद आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. चढून येणाऱ्याला पाणी आणि सावली लागते, हे त्या काळच्या दात्यालाही ठाऊक होते. आज टाक्यांतले शेवाळलेले पाणी पिऊ नका. कपडा भिजवायला चालते. लहान मुलांना काठावर वाकू देऊ नका.

पाणी मोठ्या माणसामागे निदान तीन लिटर घ्या. सोबत ओआरएसची पाकिटे असू द्या. नसतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पीत राहा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने ती बंद करू नका. विहारात नेसतो ती पांढरी सुती साडी उन्हाला उत्तम, नायलॉनची नको. चप्पल मुरमावर घसरते आणि पडापड उतरतानाच जास्त होते, कारण पाय थकलेले असतात. बूट घाला, हातात काठी ठेवा.

कपारीत मधमाश्यांची पोळी असतात. खाली धूर करू नका, अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून दूर पळा.

यंदा आम्ही जुन्नरला आदल्या रात्री मुक्काम करणार आहोत. सहाला चढायचे आणि दहाच्या आत खाली, मग एखादे लेणे बघायचे राहिले तरी चालेल.